बाजरीनं मोजलेला खोका

माझ्या जावयाला माझ्या बैठकीतला लाकडी खोका बघवत नाही. दर खेपेला येतो, टीव्हीखालच्या त्या काळपट पेटीकडे बघतो आणि अगदी बेतानं विषय काढतो. "आई, आता टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी मिळते, तिच्याबरोबर एवढासा वूफर येतो. वायरसुद्धा लागत नाही. मागवू का?" मी म्हणते, बघू. 'बघू' म्हणजे 'नाही', हे माझ्या लेकीला कळतं, जावयाला अजून कळायचंय. तसं तो म्हणतो त्यात चुकीचं काही नाही. खोका हलवायला दोन माणसं लागतात, त्याच्या सनमायकाचे कोपरे उचकटलेत, आणि केर काढताना तो नेमका आडवा येतो. विकतची वस्तू त्याच्यापेक्षा सरस वाजेल, हेही मला मान्य आहे. पण हा खोका माझ्या वडिलांनी, आमच्या नानांनी, भिंगारच्या घरी बनवला. आणि तो बनत होता त्या दिवसांत नानांनी माझ्याशी अबोला धरला होता. निदान मी तसं धरून चालले होते.

भिंगारला आम्ही बाजारामागच्या आळीत राहायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याखालचा ओटा, मागे मोरी आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेला आईचा गवती चहा. नाना लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन मेकॅनिक होते. दुरुस्त झालेलं इंजिन चाचणीला लावायचं आणि ते पुऱ्या ताकदीनं घुमत असताना शेजारी उभं राहून त्याची तब्येत ओळखायची, हे त्यांचं काम. कानात घालायला बोळे मिळायचे, ते नाना खिशात ठेवायचे. कान बुजवले तर इंजिन काय म्हणतंय ते कळणार कसं, असा त्यांचा सवाल असायचा. आळीचं सगळं घड्याळ छावणीच्या आवाजांवर चालायचं. पहाटे बिगुल, मग कवायतीचे हुकूम, मग ट्रकांची रांग. आणि लांबच्या माळावर रणगाड्यांचा सराव सुरू झाला, की तो गडगडाट कानाला कळायच्या आधी जमिनीतून यायचा आणि आईच्या मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या. नानांना तो सगळ्यांच्या आधी कळे. जेवता जेवता हात थांबवून म्हणायचे, "आज सराव हाय." आम्ही कान टवकारायचो, काहीच ऐकू यायचं नाही, आणि घटकाभरानं ताटल्या वाजायला लागायच्या. अशा माणसाच्या कानांबद्दल कुणाला शंका येणार?

आमच्या घरात आवाजांची वाटणीही जरा विचित्रच झाली होती. आईचा आवाज खर्जातला, भरदार. ती मोरीतून बोलली तरी रस्त्यावरचा भाजीवाला थांबायचा. माझा थोरला भाऊ दिलीप नुकताच एका कारखान्यात लागला होता. तो आईवर गेलेला, त्याचं कुजबुजणंही शेजारी ऐकू जाई. माझा आवाज मात्र बारीक. शाळेत मला सगळे पिपाणी म्हणायचे. नाना लहानपणी मला मांडीवर घेऊन म्हणायचे, "माझ्या पिपानीला कुनी फुकायचं न्हाई, ती आपली आपन वाजती." त्या मांडीचं मला फार अप्रूप होतं. आईचा जीव दिलीपवर आणि नानांचा माझ्यावर, असं घरात उघड बोललं जायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना कोल्हारचं एक स्थळ आलं. बागायती जमीन, मुलगा शिकलेला, घर माणसांनी भरलेलं. नानांच्या मित्राकडून आलेलं. मला कॉलेज पुरं करून शिक्षिका व्हायचं होतं. मी नानांपुढे उभी राहिले, मान खाली घातली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नाना काहीच बोलले नाहीत. मग आईनं तेच तिच्या आवाजात पुन्हा सांगितलं, तेव्हा म्हणाले, "बरं." एवढंच. बरं म्हणजे काय? रागानं बरं, की खरोखर बरं? मी त्या एका शब्दाचा कीस पाडत राहिले, आणि पुढच्या दिवसांत नानांच्या वागण्यावरून माझा निकाल मी लावून घेतला. नाना रोज संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन ओट्यावर पेपर उघडून बसायचे, दाराकडे पाठ करून. मी आतल्या उंबऱ्यावरून विचारायचे, "नाना, चहा घेता?" पूर्वी पेपरमागून लगेच "घेतो की" यायचं. आता उत्तर येईना. पानसुद्धा हलत नसे. मी चहा करून त्यांच्या बाजूला ठेवायचे आणि त्यांनी वर बघायच्या आत वळून आत यायचे, कारण नानांचं रागावलेलं तोंड बघायची माझ्यात हिंमत नव्हती. त्यांनी मारलं असतं तर सोसलं असतं, पण ही पाठ सोसत नव्हती. तरी मी विचारायची थांबले नाही. त्यांनी उत्तर द्यायचं नाही आणि मी विचारायचं सोडायचं नाही, असं ते वर्षभर चाललं. मोरीत भांडी घासताना मी किती वेळा रडले ते त्या राखेलाच ठाऊक.

त्याच सुमाराला घरी नवा रंगीत टीव्ही आला आणि नानांचं त्याच्याशी पटेना. "चित्र झकास हाय, पर आवाज पुचाट," असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. बातम्या देणारी बाई त्यांना पुटपुटल्यासारखी वाटायची. त्यांनी टीव्ही दुकानात परत नेला, दुकानदारानं तो तपासून परत पाठवला, पुन्हा नेला, पुन्हा आला. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, यात आवाज एवढाच असतो. तुम्हांला घुमणारा पाहिजे असंल तर वूफर लावा." होम थेटर हा शब्द तेव्हा नगरच्या दुकानांच्या पाट्यांवर नवा नवा झळकायला लागला होता. (जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण माझ्या तोंडाला अजून नगरच बसलंय.) दिलीपला आयतंच निमित्त मिळालं. पहिल्या पगारापासून त्याच्या मनात ते होतंच. रविवारी तो नानांना घेऊन दुकानात गेला, मीही मागोमाग गेले. दुकानदारानं एक चकचकीत काळी पेटी लावून दाखवली. दिलीप खूश. नानांनी डोळे मिटले, पेटीच्या डोक्यावर पंजा ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. घोड्याची पाठ थोपटावी तसं त्यांनी तिला थोपटलं आणि म्हणाले, "वरनं चकचकीत, आत पुठ्ठा. नुसतं ढुप ढुप करतंय. ह्याच्यापरीस मी बनवीन."

"नाना, एवढे लोक विकत घेतात, ते काय वेडे आहेत का?" दिलीप परतीच्या वाटेवर रिक्षात भांडत होता. "आणलं, पिन खुपसली, झालं. बनवायचं म्हणजे वर्ष जाईल."

"लोकांच्या पायाच्या मापानं आपन चप्पल घेतो का?" नाना म्हणाले. "आपली खोली येगळी, आपली भिंत येगळी. आपल्याला पायजे तसा आवाज दुकानात नसतो, तो घरात बसवावा लागतो."

दिलीपनं महिनाभर धुसफुस केली. विकतच्या वस्तूची हमी असते, बिघडली तर बदलून मिळते, दिसायला बरी दिसते, असं तो जेवताना भिंतीला उद्देशून बोलायचा. नानांनी ते कानावरच घेतलं नाही. दिलीपचं तरी बिचाऱ्याचं ऐकू येत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

वर्कशॉपमध्ये नानांच्या ओळखीचा एक मल्याळी हवालदार होता, वायरलेसचं काम करणारा. त्यानं सांगितलं की स्पीकर बारा इंची घ्या आणि खोका आतून साठ लिटरचा ठेवा. लहान झाला तर आवाज घुसमटेल, मोठा झाला तर ढिला पडेल. स्पीकर तो स्वतः सुट्टीवरून येताना आणणार होता. मग आमच्या आळीतल्या रफिकभाईंना बोलावणं गेलं. ते दारं-खिडक्या आणि दिवाण बनवायचे. बिनझाकणाची पेटी त्यांनी जन्मात केली नव्हती. ओट्यावर जाड प्लायच्या फळ्या पसरून त्यांनी विचारलं, "कडी कुठं लावू?" नाना म्हणाले, कडी नाही. "मग झाकण?" झाकणही नाही. "अहो मग त्याच्यात काय ठिवनार तुमी?" नाना म्हणाले, "हवा." रफिकभाईंनी त्या दिवशी घरी जाऊन आळीतला मेकॅनिक बिघडलाय असं सांगितलं असणार. पण काम त्यांनी जीव ओतून केलं. सांध्यांना सरस आणि स्क्रू, आतून आडव्या पट्ट्या, आणि पुढे करवतीनं कापलेलं गोल भोक. हवा खेळायला जी नळी लागते ती पुणतांब्याच्या काकांच्या रानातून आली, पाइपलाइनचा उरलेला तुकडा. आतून गादीसारखं अस्तर हवं होतं, म्हणून आईनं तिची एक जुनी गोधडी दिली. देताना म्हणाली, "दोन बाळंतपणं काढलीत हिनं. सांभाळून ठोका खिळे."

आता प्रश्न आला मापाचा. दिलीपनं लांबी, रुंदी, उंची गुणून आकडा काढला आणि कागद नानांपुढे धरला. नाना म्हणाले, "ह्यात पट्ट्या धरल्या का? गोधडी धरली का? नळी?" दिलीप म्हणाला, अंदाजे वजा करू. नानांना 'अंदाजे' हा शब्द वर्ज्य होता. ते आत गेले आणि दुधाचं लिटरचं माप घेऊन आले, मागून बाजरीचं पोतं ओढत. काकांकडून नुकतीच नवी बाजरी आली होती. आई पदर खोचून मध्ये उभी राहिली. "अन्नाचा खेळ करता व्हय तुमी? पायाखाली एक दाना गेला तर बघा." नाना म्हणाले, "बाजरी कोपऱ्याकोपऱ्यात जाती, ती खोटं सांगत न्हाई." मग चादर अंथरली गेली आणि आम्ही माप भरून भरून त्या भोकातून बाजरी ओतायला लागलो. मी भरायची, दिलीप ओतायचा, नाना मोजायचे. मी प्रत्येक माप त्यांच्या पुढ्यातून नेत होते. मधेच मी म्हणाले, "नाना, हे शिगेचं झालं, जरा काढू का?" ते पुढचा आकडा म्हणाले. मी ओठ दाबून माप दिलीपकडे दिलं. खोका तोंडापर्यंत भरला तेव्हा साठाला थोडंसंच कमी होतं. नानांनी मिशीतल्या मिशीत हसून रफिकभाईंकडे बघितलं, आणि रफिकभाईंना प्रथमच वाटलं की आपण काहीतरी नामी वस्तू बनवलीय.

आणि तिथंच सगळं अडलं. हवालदाराची सुट्टी लांबली, स्पीकर येईना. बाजरी खोक्यातच राहिली. आईच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात दरवर्षी सोंडे व्हायचे. इथं आठ-पंधरा दिवसांनी तिनं भोकातून हात घालून बघितलं तर बाजरी कोरडी ठणठणीत. ती हरखूनच गेली. "असली पेटी मला आयुष्यात कुनी करून दिली न्हवती," असं तिनं शेजारपाजारी सांगितलं. तेव्हापासून खोका स्वयंपाकघरात आला, भोकावर ताट झाकलं गेलं, आणि रोज सकाळी वाटीनं त्यातून बाजरी निघायला लागली. नाना वर्कशॉपला जाताना खोक्याकडे बघून उसासा टाकायचे. दिलीप म्हणायचा, "आई, थेटरातली भाकरी वाढ." हुलग्याच्या शेंगोळ्यांबरोबर, लसणाच्या चटणीबरोबर, पिठल्याबरोबर आम्ही तो खोका हळूहळू खाल्ला. आजही कुणी होम थेटर म्हटलं की मला आधी गरम भाकरीचा वास येतो. पापुद्रा सुटलेली पहिली भाकरी आई नानांच्या ताटात टाकायची, आणि मी समोर बसून, हा माणूस माझ्याकडे एकदा तरी बघून हसेल का, एवढाच विचार करत असायचे.

अखेर हवालदार आला, स्पीकर आला. उरलेली बाजरी आईनं नाखुशीनं पोत्यात घेतली, खोका उलटा करून झटकला, भोकात तोंड घालून बघितलं आणि सांगितलं, लख्ख आहे. नानांनी आणि दिलीपनं मिळून ॲम्प्लिफायर जोडला, वायरी ओढल्या, स्पीकर बसवून स्क्रू आवळले. रविवारची दुपार होती. रफिकभाई इस्त्रीचा सदरा घालून आले. आईनं शेंगोळे रटरटत ठेवले होते. पहिलं काय वाजवायचं यावर चर्चा झाली नाही, कारण नानांनी गावाकडच्या गोंधळाची कॅसेट आधीच टेपमध्ये घालून ठेवली होती. त्यात संबळ होता. नाना खोक्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले, त्याच्यावर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि दिलीपला मानेनं खूण केली.

संबळाचा पहिला ठोका पडला आणि मांडणीवरच्या ताटल्या थरथरल्या. अगदी सरावाच्या दिवशी थरथरायच्या तशा. नानांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी आज इतक्या वर्षांनी लिहिताना डोळ्यांपुढे आणते आणि मला थांबावं लागतं. तहानलेल्या माणसाला पाणी मिळालं होतं. पण त्या ठोक्याबरोबर आणखी एक आवाज येत होता. तव्यावर मोहरी तडतडावी तसा, बारीक, चिवट. प्रत्येक ठोक्याला तडतड, तडतड. रफिकभाईंनी तोंड वाकडं केलं. आईनं डाव तसाच हातात धरून दारातून डोकावलं. नाना डोळे मिटून डोलत होते.

"नाना," दिलीप मोठ्यानं म्हणाला, "खडखडतंय."

"काय?"

"आत काहीतरी वाजतंय. खडखड येतीय."

नानांनी डोळे उघडले, वाकून खोक्याला कान लावला. "न्हाई रं. एकदम स्वच्छ हाय."

दिलीप हसला. "नाना, चेष्टा करताय का? अख्ख्या आळीला ऐकू जातंय."

नानांनी रफिकभाईंकडे बघितलं. रफिकभाई सदऱ्याची बटणं चाचपायला लागले. मग नानांनी आईकडे बघितलं. आईला खोटं बोलता यायचं नाही. तिनं दिलीपला टेप बंद करायला लावला आणि तिच्या त्या भरदार आवाजात, पण कधी नव्हे इतक्या मायेनं, ती म्हणाली, "वाजतंय, अहो. बारीक हाय, पर वाजतंय."

मी नानांच्या मागे भिंतीशी उभी होते. मला एकदम उमगलं की तो आवाज कशाचा. "बाजरी आहे, नाना," मी म्हणाले, "बाजरी राहिलीय आत." दिलीपनं वळून माझ्याकडे बघितलं. आईनं बघितलं, रफिकभाईंनी बघितलं. नाना तसेच खोक्याकडे बघत बसले होते. खोली शांत होती, टेप बंद होता. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, "नाना, बाजरी." त्यांची पाठ हलली नाही. ओट्यावर रोज संध्याकाळी असायची तीच पाठ. तिच्यात राग नव्हता. कधीच नव्हता. त्या दाण्यांचा आवाज आणि माझा आवाज एकाच जातीचे होते, आणि दोन्ही नानांपर्यंत पोचत नव्हते. मी भिंतीला टेकून खाली बसले. दुःख झालं की आनंद, ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझे नाना बहिरे होत चालले होते, आणि माझे नाना माझ्यावर रागावलेले नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी माझ्या अंगावर आल्या होत्या.

नानांनी स्वतः पेचकस घेतला. स्पीकर उतरवला, हात घालून गोधडीची कड उचलली. खालच्या फळीवर, गोधडीच्या मागे घसरलेले दाणे पडले होते. चिमूटभरच. त्यांनी ते तळहातावर घेतले, मूठ मिटली आणि कानाशी नेऊन हलवली. मग दुसऱ्या कानाशी. "हे वाजत हुतं व्हय?" ते म्हणाले. "मला न्हाई आलं." आणि मुठीकडेच बघत, "इंजिन येतं ऐकू. सराव येतो. मी म्हनायचो, टीव्हीच पुचाट हाय."

"मी म्हनायची, माझा नवरा आळशी झाला," आई म्हणाली. "कुकरच्या शिट्टीला उठंना, म्हनून दोनदा डाळ करपवली तुमी." ती हसत हसत बोलत होती आणि डाव धरलेल्या हाताच्या मनगटानं डोळे पुसत होती. मग तिनं तो चिमूटभर दाण्यांचा वाटा नानांच्या मुठीतून सोडवून घेतला आणि पोत्यात टाकला. अन्न होतं ते.

पुढे नगरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. मशीन आलं, ते नाना फक्त लग्नकार्याला दागिन्यासारखं घालायचे, एरवी कपाटात. आम्ही मात्र बोलायची रीत बदलली. मी त्यांच्या खांद्याला हात लावायचे, समोर बसायचे आणि सावकाश बोलायचे, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकायचे. कोल्हारच्या स्थळाबद्दल एकदा मी भीत भीत विचारलं, तर त्यांना ते आठवेचना. "तू न्हाई म्हनलीस, मी बरं म्हनलो. त्यात काय ऱ्हायलं?" असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. बरं म्हणजे बरं होतं. शिक्षिका मी झाले, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला ऐकू जातंय ना, हे बघितल्याशिवाय मी कधी धडा सुरू केला नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी अजून एक गोष्ट व्हायची होती.

दाणे काढून स्पीकर परत बसवला. नाना खोक्यावर हात ठेवून बसले आणि त्यांनी मला जवळ बोलावलं. "विजे, इकडं ये. मी हात लावतो, तू ऐक. बारीक काय वाजलं तर मला सांग." संबळ पुन्हा सुरू झाला. मी त्यांच्यासमोर बसून कान देऊन ऐकलं आणि मान हलवली, नाही, आता काही नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्क्रूचा शेवटचा आटा आवळला. मग दिलीपनं टेपबरोबर आलेल्या माईकची पिन टेपला जोडली आणि हॅलो-हॅलो करून आवाज वाढवत नेला. खोका घुमायला लागला. रफिकभाईंनीही माईकवर खाकरून घेतलं. नाना म्हणाले, "आता तिला दे."

माईक माझ्या हातात आला. सगळे माझ्याकडे बघत होते. नानांनी माझ्यावरची नजर काढली, डोळे मिटले आणि दोन्ही पंजे खोक्यावर ठेवले. सांगायला वर्षभराचं साठलं होतं, पण तोंडाला जे रोजचं वळण पडलेलं, तेच बाहेर आलं.

"नाना, चहा घेता?"

माझाच आवाज त्या खोक्यातून मोठा, जाडाभरडा होऊन खोलीभर गेला. नानांची बोटं प्लायवर जराशी हलली. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसले, पिपाणीच्या वेळचं हसू.

"घेतो की," ते म्हणाले. "लई दिवसांनी इचारलंस, विजे."

रोजच विचारत होते, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. माईक खाली ठेवला आणि आधण ठेवायला आत गेले.